सात पाण्यांची वाळू

हिराजी म्हात्रे गेल्याचा निरोप आमच्या कंपनीतल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून समोर उभा होतो. निरोप वाचला, खाली हात जोडलेलं चित्र टाकलं आणि दूध उतरवलं. मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? दुपारी जेवलो, झोपलो, संध्याकाळी रोह्याच्या बाजारात जाऊन कोथिंबीर आणली. आता सव्वा महिना होऊन गेला. अजूनही काही वाटत नाही आणि तेच मला खटकतंय, म्हणून लिहायला बसलोय.

समोर खिडकीत निवडुंगाचा एक फडा आहे. फडा म्हणजे त्याचं ते जाड, तळहाताएवढं, काटेरी पान. म्हात्र्यांच्या मुलीने, रंजूने, तो मला मूर्तीच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून दिला. ती हमरापूरला दिलेली आहे, सासरचा गणपतींचा कारखाना आहे. डबा देताना म्हणाली, "काका, बाबांनी सांगून ठेवलं होतं, केमिस्टला एक दे म्हणून." मी तो पिशवीत घालून घरी आणला. पिशवीतून काढताना बोटात कुसळं गेली, तीही दुसऱ्या दिवशी निघाली.

म्हात्रे मला कायम केमिस्टच म्हणायचे. नाव माहीत होतं, पण वापरण्याची गरज त्यांना कधी पडली नाही. मी कंपनीच्या लॅबमध्ये आणि ते पाण्याच्या विभागात. बॉयलरला जाणारं पाणी मऊ करायची एक मोठी टाकी असते. तिच्यात अधूनमधून मिठाचं पाणी सोडतात आणि मग ते मीठ साध्या पाण्याने धुऊन काढतात. सगळं मीठ निघालं की नाही, हे सांगायचं काम लॅबचं, म्हणजे माझं. नमुना आणायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे, पाणी दुधासारखं पांढरं झालं तर मीठ आहे, तसंच राहिलं तर नाही. मग फॉर्म भरायचा, सही करायची, फॉर्म खाली पाठवायचा. एवढं होईपर्यंत अर्धा तास जायचा. म्हात्रे नळाखाली बोट धरायचे, जिभेला लावायचे आणि व्हॉल्व्ह फिरवून मोकळे व्हायचे. वर मला म्हणायचे, "केमिस्ट, तू रिपोर्ट लिव. मी तवर चा पितो."

एकदाही चुकले नाहीत. मला याचा राग यायचा, कारण माझा रिपोर्ट खाली पोचायचा तेव्हा टाकी चालू होऊन वीस मिनिटं झालेली असायची. शेवटी मीच वर कागाळी केली. सेफ्टीवाल्यांनी भिंतीवर पाटी लावली, की या विभागात कोणीही काहीही चाखू नये. म्हात्र्यांनी चष्मा लावून पाटी पूर्ण वाचली, चष्मा खिशात ठेवला आणि नळाखाली बोट धरलं. मी म्हटलं, दादा, पाटी वाचलीत ना? तर म्हणाले, चाखलं नाय, जिभेला नुसतं दाखवलं.

ती जीभ त्यांनी घरून आणली होती. पेणच्या खाडीकडच्या मिठागरावर त्यांचं लहानपण गेलं. वडील मिठागरावर कामाला, आई मिठाच्या टोपल्या वाहायला. पुढे एका उधाणात बांध फुटला, खाडी आत शिरली ती शिरलीच. मिठागर गेलं, माणसं पांगली आणि म्हात्रे रोह्याला कंपनीत लागले. येताना पत्र्याची पेटी आणि बांधावरच्या निवडुंगाचा एक फडा एवढंच घेऊन आले. पेटीत काय होतं ते त्यांना आठवत नसे. फडा कसा आणला, रिक्षात कोणाच्या मांडीला टोचला, हे मात्र ते पाहुण्यांना खुलवून सांगायचे.

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, त्यांनी बैठं घर बांधलं आणि पुढच्या चार हात जागेत वाळवंट करायला घेतलं. आमच्याकडे पाऊस चार महिने नुसता कोसळतो. इथे माणसं अळू लावतात, केळ लावतात, हौस असली तर अनंत लावतात. म्हात्र्यांना हवे होते निवडुंग, फुगीर बुंध्याचं अडेनियम, कोरफडीच्या नाना जाती, ड्रॅगन फ्रूट. शेजारच्यांनी रमजानात खजूर दिला तर त्याच्या बिया पेरून बसले. त्या उगवल्याही. वीतभर उंचीचे हिरवे खराटे रांगेत उभे राहिले आणि द्वारकावैनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, की यांनी आता झाडू पेरलेत, दिवाळीला एक घेऊन जा.

द्वारकावैनी म्हणजे त्यांची बायको. ती शेजारच्या मिठागरावरची. लहानपणी दोघांनी एकाच बांधावरच्या निवडुंगाची लाल बोंडं खाल्लेली. म्हात्र्यांच्या सगळ्या बागकामाचं मूळ या बोंडांत होतं, हे मला फार उशिरा कळलं. अडेनियम, खजूर हा सगळा पसारा नंतरचा. त्यांना खरं काय हवं होतं, तर बांधावरच्या बोंडाची चव या अंगणात आणायची आणि ती चव आली असं बायकोच्या तोंडून ऐकायचं.

आता निवडुंग आणि कोकणातला पाऊस. पहिल्या दोन वर्षांत एक सोडून सगळे फडे कुजून पाणी झाले. तिसऱ्या वर्षी म्हात्र्यांनी मिठागरावरची रीत लावली. पावसाआधी तिथे मिठाची रास पेंढ्याने शाकारतात, भोवती चर खणतात. म्हात्र्यांनी सगळ्या कुंड्या उंचवट्यावर एकाला एक लावून उभ्या केल्या, वर बांबूचा सांगाडा, त्यावर हमरापूरहून आणलेलं प्लॅस्टिक आणि वर पेंढा. अंगणात एक मिठाची रास उभी राहिली. लोक थांबून विचारायचे, आत काय आहे. वैनी म्हणायच्या, "तेंचा संसार हाय. माझा घरात गळतोय." ते खरंही होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पातेलं ठेवलेलं मी पाहिलं आहे.

दुसरी रीत वाळूची. निवडुंगाला मुळाशी पाणी थांबलेलं चालत नाही, त्यामुळे मातीत जाड वाळू मिसळावी लागते. नदीची वाळू रोह्यात मिळाली असती. पण म्हात्र्यांचं म्हणणं, वाळू घालावी तर खाडीची, नदीच्या वाळूला दाणाच नाय. हा हट्ट मिठागरावरच्या माणसालाच सुचणार. गावाहून ते वाळूची पोती आणायचे आणि मग ती खारट म्हणून धूत बसायचे. टबात वाळू, वर पाणी, ढवळायचं, ओतायचं, पुन्हा पाणी. अशी सात पाणी. प्रत्येक पाण्याला बोट बुडवून जिभेला लावायचं. बहुतेक सातव्या पाण्याला ते मान हलवायचे, पोतं जास्त खारट असलं तर आठव्या-नवव्याला, मगच वाळू कुंडीत जायची. मी एकदा म्हटलं, लॅबमध्ये तपासून देऊ का? माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कुबड्या देऊ केल्या.

ड्रॅगन फ्रूट आधी लागलं. सिमेंटच्या खांबावर जुना टायर बांधून त्यांनी वेल चढवला होता. पहिलं फळ कापून आम्हा सगळ्यांना एकेक फोड दिली. बाकीचे छान छान म्हणाले. वैनींनी फोड खाल्ली, हात पुसला आणि म्हणाल्या, "पाण्यात साखर घालायची इसरली वाटतं." म्हात्रे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मग निवडुंगाला बोंडं धरली. आमचे मोठे साहेब एकदा ती पाहायला आले आणि कौतुकाने त्यांनी एक बोंड सरळ मुठीत धरलं. त्या बोंडावर केसाएवढी कुसळं असतात. दिसत नाहीत, शेकड्यांनी शिरतात. साहेब ओरडले नाहीत, साहेबच ते, पण चेहरा बोंडासारखा झाला. वैनींनी त्यांच्या हाताला डिंक फासला, वर फडकं दाबलं, डिंक सुकू दिला आणि फडकं एका झटक्यात ओढलं. कुसळं फडक्यावर आली. म्हात्रे बाजूला उभे राहून गंभीरपणे सांगत होते, की बोंडाला आधी ब्रश मारायचा असतो. रंजूच्या कारखान्यातला मूर्ती पुसायचा राठ ब्रश त्यांनी त्यासाठी मागून आणला होता.

साहेब गेल्यावर बोंडं कापली. आत गर्द लाल गर, बारीक टणक बिया. म्हात्र्यांनी पहिली फोड वैनींना दिली. त्या चावत राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "पण तशी नाय."

"काय कमी हाय?"

"ते सांगता नाय येत. काहीतरी कमी हाय."

पुढची सहा-सात वर्षं हेच चाललं. म्हात्र्यांनी निवडुंगाला राख घातली, सुकटीचं पाणी घातलं, गुळाचं पाणी घातलं, उन्हाच्या मागे कुंडी अंगणभर फिरवली. दरवर्षी होळीनंतर बोंडं पिकायची, ब्रश मारला जायचा, फोड कापली जायची आणि वैनी म्हणायच्या, तशी नाय. त्यांना खोटं बोलता आलं नसतं असं नाही. एकदा मी हळूच म्हटलं, वैनी, एकदा म्हणून टाका की. तर म्हणाल्या, मग ते पुढल्या वर्षी लावायचे नाहीत.

म्हात्रे निवृत्त झाले आणि नंतर तो आजार आला. दोघांना एकाच दिवशी एकाच गाडीतून नेलं. बारा दिवसांनी म्हात्रे एकटे परत आले. वैनींचं सगळं तिकडेच झालं होतं, कोणालाच जाता आलं नव्हतं. मी अंगणाबाहेर रस्त्यावरूनच त्यांना भेटलो. ते पायरीवर बसले होते. रडत नव्हते. रंजू आतून रडत होती, ते ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टब काढला आणि वाळू धुवायला घेतली. आठवडाभरात एकेक करून सगळ्या कुंड्या उपसून नव्या वाळूत भरल्या. रंजूला ते फार लागलं. मला म्हणाली, "काका, बाबांनी आईसाठी एक टिपूस काढलं नाही हो. वाळूच धुतायत." मी म्हटलं, प्रत्येकाची पद्धत असते. असं काहीतरी म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

वर्षभरात बाग गेली. आधी अडेनियमची पानं कडेने करपली, मग ड्रॅगन फ्रूटचा वेल पिवळा पडला, कोरफड आतून मऊ झाली. खजुराचे खराटे तेवढे मजेत उभे राहिले, आणि निवडुंग. मला वाटलं, लक्ष नसेल, माणसाचं लक्ष उडतं. 

मग एके दुपारी कंपनीच्या गेटवरून फोन आला, की म्हात्रे आलेत, तुम्हाला बोलावतायत. गेटवर गेलो. हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, तळाला गढूळ गाळ. "सातवं पाणी हाय," म्हणाले. "जरा बघून दे."

इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही तपासायला दिलं नव्हतं. मी बाटली घेऊन वर गेलो, पाणी गाळलं, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाणी पांढरं झालं. नुसतं पांढरं नाही, दह्यासारखं खाली बसलं. मी पुन्हा केलं, तेच. काचेची नळी तशीच घेऊन गेटवर आलो.

"दादा, हे तुम्ही चाखलं नाहीत?"

"चाखलं." त्यांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. "मला सगळं पाणीच लागतं."

गेटजवळच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं ते एवढंच, की आजारातून आल्यापासून त्यांना कशाचीच चव नव्हती. मीठ नाही, मिरची नाही, चहा म्हणजे गरम पाणी. ना डॉक्टरला सांगितलं ना रंजूला. मी विचारलं, का? तर म्हणाले, "मला वाटलं ती गेली म्हणून असंल."

मी त्यांना सांगितलं, की या आजारात असं होतं, पुष्कळांचं झालंय, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. चांगलं सांगतोय या समजुतीने सांगितलं. त्यांनी नळी हलवली, खाली बसलेलं पांढरं पुन्हा वर आलं.

"म्हंजे ते आजाराचं," ते म्हणाले.

"हो."

"मग तिचं काय?"

 वर्षभर घास पाण्यासारखा गिळताना हा माणूस त्यालाच दुःख समजून बसला होता, आणि मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं का? वाटलं असणार. पण मला आठवतं ते एवढंच, की नळी परत वर नेऊन धुवायची होती आणि शिफ्ट सुटायची वेळ झाली होती.

त्या वर्षी होळीनंतर त्यांनी घरी बोलावलं. निवडुंगाला चार बोंडं पिकली होती, आधीच्यापेक्षा लहान, पण काळपट लाल. खारवलेल्या वाळूत तो निवडुंग एवढा तगला याचंच मला नवल वाटत होतं. लॅबमधलं गोडी मोजायचं छोटं यंत्र मी खिशात घालून नेलं होतं. त्यावर रसाचा थेंब टाकला की आकडा दिसतो. म्हात्र्यांनी ब्रश मारला, बोंड कापलं, मी थेंब टाकून उजेडाकडे बघितलं.

"तेरा," मी म्हटलं. "चांगलं आहे."

"तेरा म्हंजे कसं?"

मी आयुष्यभर आकडे लिहिले. तेरा म्हणजे कसं, असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बारापेक्षा जास्त, चौदापेक्षा कमी. ते हसले नाहीत. त्यांनी फोड माझ्यापुढे केली.

"तू खा. आणि सांग."

मी खाल्ली. भिंतीवर वैनींचा फोटो होता, मी त्याच्याकडे बघणं टाळत चावत राहिलो. बिया दाताखाली कडकड वाजत होत्या. आधी गोड, मी सांगितलं, मग थोडं आंबूस. मग गिळल्यावर जीभ तोंडात फिरवली आणि जे लागलं ते बोललो. "शेवटी किंचित खारट लागतं."

"कुठं?"

"जिभेच्या कडेला. गिळल्यावर."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आणखी एक बोंड कापलं आणि पुन्हा खायला लावलं. पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते खाली बसले. इतकी वर्षं सात पाण्यांनी धुऊन ते जे काढून टाकत होते, तेच त्या बोंडात कमी होतं. बांधावर सगळंच खारट, वारा, हात, भाकरी. तिथे वाढलेल्या दोघांना बोंडातलं मीठ वेगळं कळलंच नव्हतं.  त्यांना ते माझ्या आधी समजलं होतं.

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या त्या कागदावर लिवून दे."

दुसऱ्या दिवशी मी लॅबचा फॉर्म घेऊन गेलो. नमुना: फड्या निवडुंगाचं फळ. गोडी: तेरा. चव: गोड, आंबूस, शेवटी किंचित खारट. खाली सही. ज्याने माझा एकही रिपोर्ट कधी धड वाचला नाही, त्याने हा चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचला. बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. तिथे 'शेरा' छापलेलं असतं. ती जागा मी मोकळी सोडली होती.

"इथं लिव, तशीच हाय म्हणून."

मी म्हटलं, दादा, बांधावरचं बोंड मी खाल्लेलं नाही. ज्याचा नमुना पाहिला नाही, त्याच्याशी जुळतं असं कसं लिहू? हे बोललो आणि स्वतःचाच राग आला. एवढ्याशा कागदासाठी मी कुठली सचोटी सांभाळत होतो कोण जाणे. पेन काढलंही होतं. पण त्यांनीच कागदावर हात ठेवला.

"नको. बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "ती जागा तिची. ऱ्हाऊ दे मोकळी."

कागदाची घडी करून त्यांनी वैनींच्या फोटोच्या मागे सरकवली आणि बाहेर आले. मी चपला घालत होतो. पावसाआधी ते हमरापूरला रंजूकडे राहायला गेले, निवडुंगाची कुंडी टेम्पोत घालून, आणि त्यानंतर आमची गाठ पडली नाही. म्हणून मला ते आठवतात ते त्या दुपारचे. अंगणात गावाहून आलेलं वाळूचं नवं पोतं होतं. त्यांनी ते उघडलं, टबाकडे गेलेच नाहीत, तशीच कोरडी वाळू ओंजळीने कुंडीत भरू लागले. भरता भरता हात थांबला. सवयीने त्यांनी वाळूतलं बोट जिभेला लावलं, आणि ते तसंच उभे राहिले, तोंडात काही येतंय का याची वाट बघत. मग माझ्याकडे वळले.

"हाय ना?"

मी एकाच पायात चप्पल घालून तसाच कुंडीपाशी गेलो. वाळूला बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

"हाय," मी म्हटलं.